खोलीत कोण कोण आहे

घरात आल्यावर आपण कुठं आहोत ते सांगायची हिला सवय होती. हिला म्हणजे माझ्या बायकोला. कुलूप उघडून आत आली की चपला काढता काढता म्हणायची, "आले मी. दारात आहे." मग भाजीची पिशवी ठेवताना, "ओट्यापाशी आहे." मी पुस्तकात असायचो. मान वर न करता "हं, मी खिडकीपाशी," एवढं म्हणायचो. पाहुण्यांना याची गंमत वाटायची. माझी आई एकदा म्हणाली, "अगं, दिसतंय की आम्हाला. एवढ्याशा घरात तू हरवणार आहेस का?" त्यावर ही म्हणाली, "आई, मी आता हसतेय. ओट्यापाशी." आईनं कपाळाला हात लावला.

हिला जाऊन वर्ष होत आलं. उस्मानपुऱ्यातलं घर तेच आहे, खिडकीही तीच. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. दिवसभर तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही आणि संध्याकाळी घरी आल्यावरही कुणी बोलत नाही. शेजारच्या घरातला मिक्सर चालू झाला की मी उगाच स्वयंपाकघराकडं बघतो. कशाची आठवण येते असं लोक विचारतात तेव्हा मी हिच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीचं वगैरे सांगतो. ते खोटं नाही. पण खरी आठवण येते ती त्या बारक्या निरोपांची. दारात आहे. ओट्यापाशी आहे. गॅलरीत आहे, वाळलेले कपडे काढतेय, पाऊस येईलसं वाटतंय.

ही सवय मुळात हिची नव्हती. आम्हाला ती एका मुलीनं लावली. त्याबद्दलच लिहायचं आहे, आणि लिहायला मला फार वेळ लागतो आहे.

तेव्हा आम्ही दोघं विद्यापीठात शिकत होतो. मी मराठीत एम.ए. करत होतो, ही समाजकार्यात. लग्नाचं काही ठरलेलं नव्हतं. मनातल्या मनात माझं ठरलं होतं, एवढंच. आमच्या विद्यार्थी संघटनेचा एक वाचक गट होता. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं आणि नोट्स वाचून दाखवायच्या, परीक्षेला लेखनिक हवा असेल तर मिळवून द्यायचा, असं काम. फोन तेव्हाही वाचून दाखवत, पण फिकट झेरॉक्स आणि प्राध्यापकांचं अक्षर यांच्यापुढं ते हात टेकायचे. झेरॉक्सच्याच एका दुकानावर आम्हाला खोली मिळाली होती. ती संघटनेच्या सचिवाच्या मामांची होती. गटाचं सगळं ही बघायची, म्हणजे सगळ्यांची ताई हीच.

हिनं गटात दोन नियम घातले होते. वाचायला एकानं बसायचं नाही, दोघांनी बसायचं. आणि दार लावायचं नाही. त्या खोलीचं दार वाऱ्यानं आपोआप लागायचं, म्हणून जो शेवटी येईल त्यानं आपली एक चप्पल दारात अडकवायची. खाली दुकानात झेरॉक्सला आलेली पोरं वर बघून म्हणायची, "एका पायाची माणसं आलीत वाटतं आज."

सचिवाला हे नियम पटत नव्हते. तो वाईट मुलगा नव्हता. रात्रंदिवस संघटनेसाठी पळायचा, कुणाचं वसतिगृहाचं काम अडलं की तोच जायचा. तो म्हणायचा, "ताई, आपल्याकडं सगळे एकमेकांना दादा-ताई म्हणतात. घरच्यासारखं आहे. त्यात हे पहारे कशाला?"

"घरच्यासारखं आहे म्हणूनच," ही म्हणायची. "घरात कुणी काही बोलत नाही."

वैजापूरकडच्या एका गावातली एक मुलगी आमच्याकडं यायची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, जन्मापासून दिसत नव्हतं. ती ज्या दिवशी पहिल्यांदा आली त्या दिवशीच तिनं आम्हाला तिची अडचण सांगून टाकली होती. घरच्यांनी, म्हणजे काका-मामांनी, तिला शहरात पाठवायला विरोध केला होता. एकट्या वडिलांनी पाठवलं होतं. आणि वडिलांची अट एकच होती: काही वेडंवाकडं कानावर आलं की बॅग भरायची आणि परत यायचं. "म्हणून माझ्या बाबतीत काही वेडंवाकडं होऊ देऊ नका," असं ती हसत म्हणाली होती. "मला प्राध्यापक व्हायचंय. गावात मला पोरांच्या नाकातोंडावरून हात फिरवून कोण कुणाचं ते ओळखायला लावतेत. तेवढंच काम उरंल मला."

तिची जीभ अशी होती. वाचताना मी उच्चारात अडखळलो की म्हणायची, "दादा, तुम्हाला दिसतंय ना नीट?"

ऐकताना तिला स्वतःशी डुलायची सवय होती. ओठ हलायचे, कधी एकाच वाक्याशी थांबून ती तोंड वर करून ते पुन्हा पुन्हा पुटपुटायची. तिच्यासमोर वाचायला बसलं की तिला आपण बघतोय याचं मला अवघडल्यासारखं व्हायचं. मी पुस्तकातून डोळे काढायचो नाही.

एका दुपारी तिला वाचून दाखवायला पहिल्या वर्षाची एक वाचक बसली होती. गटात नवीन, बारावी होऊन नुकतीच आलेली. जोडीला सचिव होता. म्हणजे दोघं होते, दारात चप्पल होती, नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं. नवीन मुलीला ठाऊक होतं की दादा शेजारी आहेत. पण ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं तिला ते ठाऊक नव्हतं. तो नंतर आला होता, चप्पल काढून, हळूच. वाचन चालू असताना प्लास्टिकची खुर्ची कुरकुरली. मुलीनं मान वळवून विचारलं, "कोण आहे?"

सचिवानं ओठांवर बोट ठेवलं. नवीन मुलगी गोंधळली आणि म्हणाली, "कोणी नाही."

पुढच्या आठवड्यात संघटनेच्या पानावर एक व्हिडिओ आला. मुलगी डुलतेय, ओठ हलताहेत, तोंड छताकडं. मागं बासरी लावलेली. वर लिहिलं होतं, आम्ही हिचे डोळे झालो, तुम्हीही व्हा. खाली देणगीसाठी खात्याचा नंबर. तो पुष्कळ लोकांनी बघितला. वैजापुरात तिच्या चुलतभावानंही बघितला.

मुलगी हिच्याकडं आली तेव्हा मी तिथंच होतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर पायऱ्यांवर आम्ही दोघं चहा पीत होतो. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं तिला व्हिडिओ कसा आहे ते सांगितलं होतं, शॉट बाय शॉट, डुलण्यासकट. ती काठी मांडीवर आडवी घेऊन बसली.

"ताई, कुणाला सांगणार नाही म्हणा. मग सांगते."

मी हिच्याकडं बघितलं. हिच्या जागी मी असतो तर पटकन हो म्हणालो असतो.

ही म्हणाली, "तसं मी म्हणणार नाही. काय असेल ते ऐकल्यावर मला कदाचित कुणाला तरी सांगावं लागेल. पण तुला विचारल्याशिवाय, तू सोबत असल्याशिवाय सांगणार नाही. एवढं म्हणते. चालेल का बघ. आणि हा इथं बसलाय तो राहू दे की जाऊ दे?"

"दादा राहू दे," मुलगी म्हणाली. "कप तेवढा खाली ठेवा म्हणावं, केव्हाचा हातात वाजतोय." आणि मग तिनं सांगितलं. खुर्ची कुरकुरल्याचं, विचारल्याचं, कोणी नाही म्हटल्याचं.

"व्हिडिओ काढला त्याचं मी समजू शकते," ती म्हणाली. "लोकं काढतेत. बसमध्ये पण काढतेत, मला कळतं. पण मी विचारलं होतं ना ताई. मी कोण आहे विचारलं, आणि आपल्या खोलीत, आपल्या माणसानं कोणी नाही म्हटलं. आता मी कुठल्या पण खोलीत बसले की मला वाटतं कोणी तरी आहे."

हिनं उरलेला चहा पायरीखाली ओतला. मग म्हणाली, "दोनाचा नियम मी केला. पण दोघं कशासाठी, ते मी धड लिहिलंच नाही."

"नियम चांगलाय," मुलगी म्हणाली. "दोघं असा, चौघं असा. फक्त मला कळू द्या. आले की बोला. कोण आहे, कुठं बसलाय. उठले की बोला. तेवढंच."

"तुझ्या वडिलांचं काय?"

"त्यांना कळलं की संपलं."

"त्यांना चुलतभावाकडून कळण्याच्या आधी तू सांगितलंस तर?"

ती काठीचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

सचिवाशी बोलणं झालं तेव्हा खोलीत आम्ही चौघं होतो. ही, मी, सचिव आणि ती नवीन वाचक मुलगी. व्हिडिओ त्यानं लगेच काढला, त्याबद्दल त्यानं वाद घातला नाही. पण तो मनापासून दुखावला होता. "मी काय वाईट केलं? तिचं चांगलं व्हावं म्हणूनच ना? एवढे लोक तिच्यासाठी हळहळले."

"तिला हळहळ नको होती," ही म्हणाली. "तिला तिसरा पेपर वाचून हवा होता."

नवीन मुलगी रडायला लागली. मीच कोणी नाही म्हटलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सचिव म्हणाला, "हो, तूच म्हटलंस." तेव्हा हिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तिला गप्प कोणी केलं? ती लहान आहे. तू दादा आहेस म्हणून तिनं ऐकलं. दादा म्हणवून घेतोस तर त्याचं ओझं तिच्यावर टाकू नकोस." मग ही त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "तू गटात राहायचंस. उद्यापासून माझ्याबरोबर बसायचं. कुणी गप्प बस म्हटलं तर मला येऊन सांगायचं, म्हणणारी मी असले तरी."

"तुम्ही असलात तर तुम्हालाच?" तिनं डोळे पुसत विचारलं.

ही माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "मग याला. हा बोलत नाही, पण ऐकतो."

सचिवानं वाचक गटात यायचं नाही, बाकीचं काम करावं, असं ठरलं. संघटनेच्या मोठ्या लोकांपुढं हिनं ते मांडलं, मुलीला सोबत घेऊन. तिथं तिनं स्वतःच सांगितलं. सचिवानं ऐकून घेतलं. पण खोलीची किल्ली सचिवाच्या मामांनी मागून घेतली. तेव्हा आमच्याकडं अंध मुलं होती, पुस्तकं होती, परीक्षा तोंडावर होती आणि बसायला जागा नव्हती.

मुकुंदवाडीतल्या एका विहाराच्या लोकांनी आम्हाला त्यांचा व्हरांडा दिला. नवीन वाचक मुलगी त्याच भागातली, तिच्या आजोबांनी शब्द टाकला. संध्याकाळी वंदना व्हायच्या आधी आम्ही तिथं बसायचो. स्टेशन जवळ असल्यामुळं गाडी आली की वाचन थांबवावं लागायचं. पोरं क्रिकेट खेळायची, त्यांचा चेंडू आमच्यात यायचा. बायका विहारात येता-जाता थांबून इतिहासाच्या पुस्तकातलं पानिपत ऐकून जायच्या. दार नव्हतंच, त्यामुळं चप्पल अडकवायचा प्रश्न मिटला. आणि तिथंच पहिल्यांदा आम्ही मुलीच्या नियमानं वागायला लागलो. मी आहे, पायरीवर. मी आहे, खांबापाशी. मी चाललो, पाणी प्यायला. पहिले काही दिवस आम्हाला फार हसू यायचं. शाळेतली हजेरी झाल्यासारखं वाटायचं.

मुलीनं वडिलांना फोनवर सांगितलं. हिच्या शेजारी बसून, स्पीकर लावून. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "उद्या येतो," आणि फोन ठेवला.

मुलगी म्हणाली, "बॅग भरते."

ही म्हणाली, "वाचनाची वेळ किती? त्याच वेळेला त्यांना इकडं बोलाव."

ते वैजापूरहून एसटीनं आले. पांढरा सदरा, पायजमा, खांद्यावर पंचा, हातात कांद्याची लहान पिशवी. आदल्या दिवशी मार्केट यार्डात माल घातला होता, त्यातलेच निवडून आणलेले कांदे असावेत. पिशवी त्यांनी हिच्या पुढं ठेवली आणि म्हणाले, "ताई तुम्हीच का? लोकं म्हंतेत, पोरीला दाखवून दान मागायलेत म्हणून."

"मागितलं होतं, काका," ही म्हणाली. "आमच्याच माणसानं. तिला न विचारता. ते चूक झालं. तो आता इथं येत नाही."

त्यांना बहुधा नकार अपेक्षित होता. "मंग आता काय जामीन?" त्यांनी विचारलं.

"जामीन काही नाही. तुम्ही बसा, बघा. पटलं नाही तर घेऊन जा. पण तिलाही विचारा."

ते एका खांबाला टेकून बसले. मुलगी आतल्या बाजूला, भिंतीशी. ते आलेत हे तिला ठाऊक होतं, आवाज ऐकला होता. पण तिनं तोंड माझ्याकडंच ठेवलं. मी वाचायला लागलो. मुलगी त्या दिवशी डुलली नाही. ताठ बसली होती, शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखी. बारावीतून आलेली नवीन वाचक येऊन बसली आणि सवयीनं म्हणाली, "मी आले, उंबऱ्याजवळ आहे." एक बाई थांबल्या, त्याही म्हणाल्या, "मी बी हाय गं, जिलेबीवाल्याची." आमचं ऐकून ऐकून त्यांनाही वळण लागलं होतं.

मग ही वडिलांकडं वाकून हळू म्हणाली, "काका, तुम्ही आहात ते सांगा तिला."

"ती वळखती की मला. बापाचा वास येतो म्हंती."

"ओळखते. तरी सांगा. इथं असंच आहे."

ते खूप अवघडले. पंचानं तोंड पुसलं. आपल्याच लेकीला आपण आहोत हे सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "मी हाय गं. खांबापाशी."

मुलीच्या हातातली काठी घरंगळली. तिनं ती उचलली नाही. "बरं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं ती डुलायला लागली.

गाडी येऊन गेली, अंधार पडायला आला, तेव्हा ते उठले. "शेवटची एसटी हाय," म्हणाले. मुलीनं विचारलं, "बॅग आणू का?"

"कामून? पेपर झाले का तुझे?"

जाताना त्यांनी मला विचारलं, "तुमी वाचता ते लई हळू वाचता. तिला समजावं म्हणून का?" मी म्हणालो, नाही, माझा स्वभावच तसा आहे. "मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.

ती आता जालन्याकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. हिच्या आजारात ती दोनदा आली. शेवटी शेवटी ही डोळे उघडत नव्हती. नातेवाईक येऊन पलंगापाशी उभे राहायचे, एकमेकांशी खुणांनी बोलायचे आणि जायचे. मला ते बघवत नव्हतं. मी म्हणायचो, "मावशी, तुम्ही आलात ते सांगा." लोकांना वाटायचं, माझं डोकं ठिकाणावर नाही. मी खुर्ची हलवली की म्हणायचो, "मी आहे. पायाशी." औषधं आणायला जाताना सांगायचो, आल्यावर सांगायचो. हिला ऐकू जात होतं की नाही, माहीत नाही. एकदा तेवढं, मी "आलो, खिडकीपाशी आहे," म्हटल्यावर हिची बोटं चादरीवर हलली.

ही गेल्यावर मी घरात बोलणं सोडलं. कुणाला सांगायचं, कुठं आहे म्हणून?

परवा दुपारी दारावरची बेल वाजली. मी दार उघडून परत खिडकीपाशी येऊन बसलो. हल्ली मी असं करतो. कोण आलंय ते नीट बघतही नाही. काठीचा टकटक आवाज आत आला आणि थांबला.

"कोण कोण आहे?" तिनं विचारलं.

"मी आहे," मी म्हणालो. "खिडकीपाशी."

ती दारातच उभी राहिली. तिला माहीत होतं, सगळंच माहीत होतं, पण सवय सवय असते. या घरात माझ्यानंतर ओट्यापासून आवाज यायचा. ती त्या आवाजापुरती थांबली. मीही थांबलो. कोणी नाही, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते, पण त्या मुलीसमोर ते कधी म्हणायचे नसतात.

"मी एकटाच आहे," मी म्हणालो. वर्षभरात हे मी पहिल्यांदा बोलून दाखवलं.

"मग दार उघडं ठेवते," ती म्हणाली. वाकून तिनं आपली एक चप्पल चाचपून दारात अडकवली. मग भिंतीला हात लावत आत आली आणि ओट्याच्या अलीकडं जी खुर्ची असते तिच्यावर बसली. "मी आहे, दादा. ओट्यापाशी."

तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत आवाज आला.

"मी बी हाय. अजून जिन्यातच हाय. लई पायऱ्या हायेत तुमच्या."

"बाबा आलेत," ती म्हणाली. "कांदे घेऊन."

मी उठलो. उठताना सांगितलं, "उठलो. पाणी आणतो."